शाम्पू सोडून शिकेकाईने न्हाणे : साहित्य, काढा, पद्धत आणि पहिले दोन महिने

शाम्पू सोडून शिकेकाईकडे वळलेल्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: केस धुतल्यासारखे वाटत नाहीत, वाळले तरी मुळाशी चिकट राहतात आणि कंगव्याच्या दात्यांत मळकट थर साचतो. दोष शिकेकाईला दिला जातो, पण बहुतेकदा चुकलेली असतात ती मापे. रात्री डोक्यावर वाटीभर तेल जिरवायचे, सकाळी दोन चमचे पूड पाण्यात कालवून शाम्पूसारखी केसांवर चोळायची, फेस येत नाही म्हणून हिरमुसायचे आणि शॉवरखाली दोन मिनिटांत आटोपायचे, अशा रीतीने न्हायल्यास उत्तम प्रतीची शिकेकाईही काही करू शकत नाही. तेल किती, काढा किती आणि पाणी किती या तिन्हींचा मेळ बसला की शाम्पूवाचून केस स्वच्छ राहतात. हा मेळ प्रत्येक डोक्यागणिक थोडा वेगळा असल्यामुळे तो बसवायला साधारण दोन महिने हाताशी ठेवावे लागतात.

समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितली जाणारी एक गोष्ट आधीच बाजूला ठेवावी. काही आठवडे केस नुसत्या पाण्याने धुतले की टाळू तेल कमी स्रवू लागते आणि केस आपोआप स्वच्छ राहू लागतात, असे ते म्हणणे असते. टाळूतील तैलग्रंथींचा स्राव मुख्यतः संप्रेरके, वय आणि आनुवंशिकता यांवर ठरतो. न्हाणीघरातली बाटली बदलल्याची बातमी त्या ग्रंथींपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा इथे शाम्पू सोडणे याचा अर्थ एक धुण्याचे द्रव्य सोडून दुसरे घेणे एवढाच आहे.

शिकेकाई आणि रिठा काम कसे करतात

शिकेकाई ही सह्याद्रीच्या आणि दक्षिण भारताच्या रानांत वाढणारी काटेरी वेल आहे. तिच्या शेंगांच्या टरफलात आणि रिठ्याच्या फळाच्या गरात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक शर्करेचे, म्हणून पाण्यात मिसळणारे असते, तर दुसरे टोक तेलाशी सलगी करणारे असते. त्यामुळे तेल, घाम आणि धूळ यांचा थर केसांपासून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. शाम्पूतले सोडियम लॉरेथ सल्फेटही हेच करते, पण कितीतरी अधिक जोराने. हा जोराचा फरक मान्य केला, तर पुढची बरीच निराशा टळते.

दोन बाबतींत मात्र आपल्या या जुन्या साहित्याची बाजू भक्कम आहे. काढा सौम्य आम्लधर्मी असतो आणि टाळूचा सामूही (pH) साधारण ५.५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मीच असतो. याउलट अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात जातो आणि तो केसाच्या बाहेरच्या खवल्यांना उचकटतो, त्यामुळे केस खरखरीत होतात आणि गुंततात. दुसरे असे, की जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन जो पांढरा साका तयार होतो, तसा सॅपोनिनचा होत नाही. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांत ही गोष्ट लहान नाही.

याच कारणासाठी ‘शिकेकाई साबण’ या नावाने मिळणारी वडी आणि शिकेकाई यांत गल्लत करू नये. वडी हा अखेर साबणच असतो. त्यात शिकेकाईचा अर्क कितीही असला तरी पाया अल्कधर्मी राहतो. ‘हर्बल’ लिहिलेल्या बाटल्यांच्या पाठीवरची घटकांची बारीक अक्षरेही एकदा वाचून पाहावीत. बहुतेक बाटल्यांवर पाण्याच्या पाठोपाठ सल्फेटचेच नाव येते आणि औषधी वनस्पती यादीच्या तळाशी असतात.

कोणी हा प्रयोग करू नये

टाळूवर लालसर चट्टे, पिवळसर चिकट खपल्या किंवा सतत खाज असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा कोंड्यात मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो, ती टाळूवरच्या तेलावर वाढते, आणि त्यासाठी दिलेला किटोकोनॅझोलचा शाम्पू हे औषध असते. ते परस्पर बंद करून शिकेकाई लावू नये. सोरायसिस असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. दमा किंवा सततची सर्दी असणाऱ्यांनी पुडीच्या वाटेला न जाता अख्ख्या शेंगांचा काढाच करावा, कारण पुडीची धूळ नाकात गेली की शिंकांची रांग लागते. केसांना महागडा रंग किंवा केरॅटिनचा उपचार करून घेतला असेल, तर तो लवकर उतरण्याची शक्यता गृहीत धरावी. पूर्ण पांढरे केस शिकेकाईने किंचित पिवळसर-तपकिरी दिसू लागतात. ते चालणार नसेल, तर पुढे सांगितलेले डाळीचे पीठ बरे.

सुरुवात करण्यापूर्वी काढ्याचे दोन थेंब कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. पुरळ किंवा खाज आली, तर शिकेकाई आणि रिठा वेगवेगळे करून पुन्हा तपासावे. बहुधा दोहोंपैकी एकच द्रव्य सोसत नसते.

खरेदी

हे साहित्य किराणा दुकानातल्या रंगीत पाकिटातून घेण्यापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खे घ्यावे. पुण्यात मंडईच्या परिसरात अशी जुनी दुकाने आहेत आणि बहुतेक जिल्ह्यांच्या बाजारपेठेत एखादे तरी असतेच. कोकणात आणि घाटमाथ्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी आठवडी बाजारात रानातून गोळा केलेल्या शेंगा विकायला येतात, त्या सर्वांत ताज्या असतात.

शिकेकाईची चांगली शेंग तपकिरी, सुरकुतलेली आणि मोडताना कट्कन आवाज करणारी असते. वाकवल्यावर लवली, तर ती ओल धरलेली आहे असे समजावे. काळपट डाग, बारीक भोके किंवा पांढरी बुरशी दिसली, तर भाव कितीही कमी असो, घेऊ नये. टरफलात खरा माल असतो, बियांत तो फारसा नसतो. त्यामुळे बियाच अधिक आणि टरफल पातळ अशा शेंगा वजनाला भरतात पण कामाला कमी पडतात.

रिठ्याच्या दोन जाती बाजारात दिसतात. आपल्याकडच्या रिठ्याची फळे दोन-तीन एकत्र जोडलेली असतात, म्हणून सुटी झाल्यावर त्यांची एक बाजू चपटी दिसते. उत्तरेकडून, हिमालयाच्या पायथ्याकडून येणारा रिठा मोठा, गोल आणि मधासारखा अर्धपारदर्शक असतो. दोन्ही चालतात. काळी कडक बी मात्र काढूनच टाकावी, कारण फेस गरातूनच येतो.

तिसरा घटक आवळकाठी, म्हणजे वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे. आवळा केस धूत नाही, तो काढ्याची आम्लता राखतो आणि केस मऊ वाटायला मदत करतो. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला-कचोरा ही सुगंधाची मंडळी आहेत. ज्यांना शिकेकाईचा उग्र वास नकोसा होतो, त्यांनी ती जरूर घालावीत, पण त्यांच्याकडून धुण्याची अपेक्षा ठेवू नये. घरोघरीच्या जुन्या याद्यांत बावचीही असते. ती मी वगळते. बावचीत सोरालेन असते, ते त्वचेवर राहून वर ऊन लागले तर काळे डाग किंवा भाजल्यासारखे फोड येऊ शकतात.

काढा

खांद्यापर्यंतच्या केसांच्या एका न्हाण्यासाठी शिकेकाईच्या ८ ते १० शेंगा, ४ ते ५ रिठे आणि आवळकाठीची एक लहान मूठ पुरते. कंबरेपर्यंतच्या केसांना याच्या दुप्पट लागते, तर पुरुषांच्या आखूड केसांना दोन रिठे आणि तीन शेंगाही पुष्कळ होतात. टाळू फार तेलकट असेल तर रिठे वाढवावेत. केस कोरडे, कुरळे किंवा दुभंगलेले असतील तर रिठा एक-दोनवर आणून शिकेकाई वाढवावी. रिठा शिकेकाईपेक्षा जास्त कोरडेपणा आणतो, एवढे ध्यानात ठेवले की प्रमाण प्रत्येकाला आपापले बसवता येते.

आदल्या रात्री शेंगा मोडून, रिठ्यांच्या बिया काढून सगळे साहित्य पाऊण लिटर पाण्यात भिजत घालावे. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत आवळा आणि शिकेकाईतली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये लोहाशी मिळून काढा काळाकुट्ट होतो. केस काळसर दिसावेत म्हणून काही जण हे मुद्दाम करतात, पण त्या काढ्याचे डाग पंचावर, फरशीवर आणि नखांवरही बसतात. भांडे काढ्याच्या तिप्पट मोठे असावे, ही सूचना किरकोळ वाटेल. पहिल्या खेपेस मी ती पाळली नव्हती आणि रिठ्याचा फेस दुधासारखा उतू जाऊन शेगडीच्या बर्नरमध्ये गेला. तो साफ करण्यात गेलेला वेळ न्हाण्याच्या वेळेपेक्षा जास्त होता.

सकाळी मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे उकळून पाणी साधारण अर्ध्या लिटरवर आणावे, कोमट होऊ द्यावे आणि मग हाताने चांगले कुस्करावे. खरा अर्क या कुस्करण्यात उतरतो. नंतर काढा मलमलच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या कापडातून दोनदा गाळावा. चहाच्या गाळणीतून बारीक कूस निसटते, ती केसांत अडकते आणि कोरडी झाली की कोंड्यासारखी खांद्यावर झडते. शिकेकाईने कोंडा झाला, अशा तक्रारींतला काही कोंडा हाच असावा.

चांगला काढा चहाच्या रंगाचा, किंचित बुळबुळीत आणि आंबूस वासाचा असतो. बाटलीत हलवला तर वर बोटभर फेस येतो. यात टिकवणारे काही नसल्यामुळे उन्हाळ्यात तो एका दिवसात आंबू लागतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. झाकण उघडताना फसफसला किंवा ताडीसारखा वास आला, तर ओतून द्यावा. रोज उकळण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी एकदम दुप्पट-तिप्पट करून बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि लागेल तेवढे खडे गरम पाण्यात विरघळवावेत.

पूड

वर्षाची पूड करून ठेवायची असेल, तर शिकेकाई १ किलो, बिया काढलेला रिठा २५० ग्रॅम, आवळकाठी २५० ग्रॅम, वाळलेल्या संत्र्याच्या साली १०० ग्रॅम आणि नागरमोथा व कपूरकाचरी मिळून १०० ग्रॅम, हे प्रमाण मध्यम केसांना चालते. मेथी, मूग, तांदूळ दळणात घालू नयेत. ते घातले की पुडीला कीड लवकर लागते. हवे असतील तर न्हायच्या दिवशी वेगळे मिसळावेत.

सगळे जिन्नस दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावेत. नेहमीचा पिठाचा गिरणीवाला शिकेकाई दळून देत नाही आणि त्याचे बरोबरच असते, कारण मागून येणाऱ्या गव्हाला तो वास आणि कडवटपणा लागतो. शिकेकाई दळणारी वेगळी गिरणी किंवा कांडपयंत्र शोधावे लागते. ज्या दुकानातून साहित्य घेतले, तिथे विचारले तर बहुधा पत्ता मिळतो. घरच्या मिक्सरवर करायचे झाल्यास खिडक्या उघड्या ठेवून, नाकातोंडाला ओला रुमाल बांधून थोडे थोडे दळावे आणि धूळ बसेपर्यंत झाकण उघडू नये. पूड वस्त्रगाळ करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. न्हायच्या आधी तीन-चार टेबलस्पून पूड दोन वाट्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, गाळून, पाणीच वापरावे. पुडीचा लगदा थेट डोक्यावर थापण्याची जुनी रीत बंबातले बादल्या-बादल्या पाणी हाताशी असताना शोभत होती. मोजक्या पाण्यात तो लगदा केसांतून निघत नाही आणि मोरीच्या जाळीतही तुंबतो.

शेवटचा शाम्पू

बाजारी शाम्पूंत आणि विशेषतः कंडिशनरमध्ये डायमेथिकोनसारखी सिलिकोन असतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, केसावर पातळ झिलई देतात आणि काढ्याने चटकन निघत नाहीत. म्हणून बदलाच्या आधी एकदा सिलिकोन नसलेल्या साध्या शाम्पूने केस दोनदा धुवावेत आणि त्या दिवशी कंडिशनर किंवा सीरम लावू नये. त्यानंतर केस थोडे रुक्ष लागतील. तो त्यांचा झिलईविना असलेला पोत आहे.

तेल

आपल्याकडे बहुतेकांचे गाडे इथेच अडते, म्हणून जरा थांबून सांगते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला अंगा-डोक्याला भरपूर तेल चोळून मग उटणे आणि शिकेकाई लावण्याची रीत आपल्या डोळ्यांपुढे असते, त्यामुळे शिकेकाई म्हणजे तेल हवेच अशी समजूत होते. तेलाचा उपयोग खराच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती, आणि धुण्याआधी लावलेल्या खोबरेलामुळे केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे त्यात दिसले. खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतला तो अभ्यास होता हे लक्षात ठेवावे, पण त्यात दिलेले कारण पटण्याजोगे आहे: खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो.

तथापि त्यासाठी लागणारे तेल अगदी थोडे असते. खांद्यापर्यंतच्या केसांना एक ते दीड चहाचा चमचा खोबरेल पुरते आणि ते टाळूपेक्षा केसांच्या लांबीवर, विशेषतः टोकांकडे लावावे. न्हाण्याच्या एक-दोन तास आधी लावले तरी चालते. टाळूला तेल चोळायचे असेल, तर बोटे तेलात बुडवण्याऐवजी बोटांच्या टोकांना तेल पुसून घ्यावे. पहिल्या चार न्हाण्यांना टाळूवर तेल लावूच नये, म्हणजे काढ्याची खरी ताकद कळते. नंतर प्रत्येक खेपेस थोडे वाढवत, काढा किती तेल उचलू शकतो याची मर्यादा शोधावी. एरंडेल मात्र टाळावे. ते इतके दाट आणि चिवट असते, की ते काढताना शिकेकाईचा निभाव लागत नाही.

न्हाणे

केस आधी कोरडे असतानाच विंचरून घ्यावेत, ओले गुंते ओढले की केस तुटतात. मग कोमट पाणी केसांत मुळापर्यंत पोहोचेल इतके घ्यावे. दाट केसांना याला एक-दोन मिनिटे लागतात आणि घाई नडते ती इथेच, कारण अर्धवट भिजलेल्या केसांत काढा वरच्या वर घरंगळतो.

काढ्याचे दोन भाग करावेत. मान मागे टाकून पहिला भाग कपाळाच्या रेषेपासून मागे, मग कानांच्या वर आणि शेवटी मानेच्या बाजूने टाळूवर थोडा थोडा ओतावा आणि बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, दोन-तीन मिनिटे चोळावा. पाटावर बसून डोके पुढे वाकवून न्हाण्याची सवय असेल तर ती सोडावी. रिठा डोळ्यात गेला की अक्षरशः आग होते आणि डोळे दिवसभर लाल राहतात. गेलाच तर डोळे न चोळता पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत, आणि त्यानंतरही दुखत राहिले तर डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांच्या डोक्याला म्हणूनच रिठा लावू नये.

पहिल्या खेपेस फेस जवळजवळ येत नाही, कारण सॅपोनिन तेल उचलण्यात गुंतलेले असते. पाणी ओतून तो भाग धुऊन टाकावा आणि मग दुसरा भाग लावावा. आता थोडा फेस दिसला, तर टाळू स्वच्छ झाली असे समजावे. तो दिसला नाही, तर तेल जास्त होते किंवा काढा कमी होता. केसांच्या लांबीवर काढा वेगळा चोळण्याची गरज नसते, टाळूवरून उतरणारा तेवढा पुरतो.

शेवटी पाणी सढळ हाताने घ्यावे. शॉवरपेक्षा तांब्या आणि बादली इथे सोयीची, कारण पाण्याचा झोत हवा तिथे नेता येतो. मध्यम केसांना एक पूर्ण बादली लागते असे धरून चालावे. न्हाणीघराची फरशी या पाण्याने निसरडी होते, ज्येष्ठ मंडळी घरात असतील तर ती लगेच धुवावी. केस टिपायला जुना, गडद रंगाचा पंचा ठेवावा.

पहिले दोन महिने

पहिल्या तीन-चार न्हाण्यांत केस शाम्पूने होतात तसे सळसळीत होणार नाहीत. बोटाला ते किंचित दाट आणि पकड असलेले लागतात. वाळल्यावर मुळाशी ओशटपणा हाताला लागला, तर पुढच्या खेपेस एकच बदल करावा: आधी तेल कमी करावे, मग रिठा वाढवावा, मग पाणी वाढवावे. तिन्ही एकदम बदलले की कशाने फरक पडला हे कळत नाही. एखाद्या वहीत तारीख, तेल, शेंगा, रिठे आणि दुसऱ्या दिवशीची अवस्था एवढे लिहून ठेवले, तर सात-आठ न्हाण्यांत आपले माप हाती येते. आठवड्यातून दोनदा न्हाणे बहुतेकांना पुरते. घामाचे काम करणाऱ्यांनी किंवा हेल्मेट घालून रोजचा प्रवास करणाऱ्यांनी तिसऱ्यांदा न्हावे. मळलेले डोके तसेच ठेवून सवय लावण्यात काही हशील नाही.

केसगळतीबाबत घाबरून निष्कर्ष काढू नयेत. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे आणि आठवड्यातून दोनदाच केस हाताळले, की सुटलेले सगळे एकदम हातात येतात. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या गळतीचा न्हाण्याच्या द्रव्याशी संबंध नसतो. मात्र टाळू लाल होणे, जळजळणे किंवा केस मधूनच तुटू लागणे ही लक्षणे दिसली, तर प्रयोग तिथेच थांबवावा.

आंबट पाणी

पाणी जड असेल, तर धुतल्यावरही केसांवर क्षारांचा थर राहतो आणि ते राठ वाटतात. एका लिटर पाण्यात एक टेबलस्पून व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते शेवटून दुसरे पाणी म्हणून घ्यावे, मिनिटभर ठेवावे आणि साध्या पाण्याने धुऊन टाकावे. लिंबू लावून तसेच उन्हात जाऊ नये. त्याचा रस आणि ऊन मिळून कपाळावर, मानेवर काळे चट्टे उठू शकतात. आवळा घातलेल्या काढ्यानंतर मऊ पाण्याच्या गावात या पायरीची गरजच पडत नाही.

इतर पर्याय, त्यांच्या लायकीनुसार

हरभऱ्याच्या डाळीचे पीठ तेल शोषून घेण्यात वाकबगार आहे. जास्त तेल लावलेल्या डोक्याला आधी पातळ कालवलेले डाळीचे पीठ आणि मग काढा, ही जोडी उत्तम. पीठ मात्र वस्त्रगाळ असावे आणि पाणी गार किंवा कोमट घ्यावे, कढत पाण्याने ते केसांतच शिजल्यासारखे चिकटते. आंबट ताक केस मऊ करते पण धुण्यात दुबळे आहे, आणि त्याचा वास दुपारपर्यंत साथ देतो. मुलतानी माती फार तेलकट टाळूला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ठीक. कोरड्या केसांना ती गवतासारखे करून सोडते. जास्वंदीची पाने किंवा जवस उकळून येणारा बुळबुळीत अर्क हा कंडिशनरचा पर्याय आहे. काढ्यानंतर तो लांबीवर लावून धुतला, की कुरळ्या केसांचे गुंते बोटांनी सुटतात.

परदेशी संकेतस्थळांवरून आपल्याकडे आलेला खाण्याच्या सोड्याचा उपाय मी कोणालाच सुचवणार नाही. त्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या वर जातो, पहिल्या दोन-तीन खेपा केस चकचकीत स्वच्छ वाटतात आणि नंतर ते राठ होऊन तुटू लागतात. ज्या प्रदेशात शिकेकाई उगवत नाही, तिथल्या लोकांनी तो शोधला यात नवल नाही. आपल्याला त्याची गरज नाही.

जलतरण तलावाच्या क्लोरीनयुक्त पाण्यातून आल्यावर, किंवा डोक्यात ग्रीस, रंग असे काही गेल्यावर काढ्याशी झगडत न बसता एखादे न्हाणे साध्या शाम्पूने करावे. त्याने मागचे काही वाया जात नाही.

उरलेला चोथा आणि शिळा काढाही वाया घालवू नये. सराफ जसे रिठ्याच्या पाण्यात दागिने उजळतात, तशी घरची चांदीची भांडी आणि पैंजण त्यात अर्धा तास भिजवून मऊ ब्रशने घासता येतात. लोकरीचे स्वेटर धुवायचे असतील तर शिकेकाई आणि आवळा न घालता नुसत्या रिठ्याचे गाळलेले पाणी करावे, नाहीतर टॅनिनचा डाग पडतो. चोथा वाळवून कुंडीच्या मातीत मिसळला तरी चालतो. हे पाणी माशांच्या टाकीत किंवा कमळाच्या हौदात मात्र जाऊ देऊ नये. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते, आणि ओढ्याच्या डोहात मासे गुंगवून पकडण्यासाठी रिठ्याचा वापर पूर्वापार होत आला आहे.